वेचायचं आधी की मोजायचं?

समुद्रकिनाऱ्यावर शंभर मीटरचा पट्टा दोरीने आखायचा, पाण्याच्या कडेपासून वरच्या केतकीच्या बनापर्यंत ओळीओळीने चालायचं आणि अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी अशी माणसाने बनवलेली जी जी वस्तू दिसेल तिची तक्त्यात नोंद करायची, हे माझ्या मुलीचं काम. या नोंदीच्या दोन पद्धती आहेत. एकीत मोजून झालेलं सगळं उचलून नेतात, म्हणजे पुढच्या खेपेला नव्याने किती वाहून आलं ते कळतं. दुसरीत कशालाच हात लावत नाहीत, कारण किनाऱ्यावर एका वेळी एकूण किती कचरा पडलेला असतो ते पाहायचं असतं. परवा तिची दुसऱ्या पद्धतीची पाळी होती आणि माझा धाकटा भाऊ गोणी घेऊन तिच्याबरोबर गेला होता. तो व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर होता. उभी हयात समुद्रावर गेली. गोणी रिकामीच परत आली आणि घराच्या पायरीवर जो वाद सुरू झाला तो जेवणं उरकून भांडी आवरून झाली तरी चालूच होता.

तो जसा ऐकला तसा इथे देते आहे. दोघंही जाणकार आहेत, दोघांनाही समुद्राची मनापासून कळकळ आहे. मला मात्र वाटतं की जगभर समुद्र स्वच्छ करायला निघालेल्या लोकांमध्ये आज हाच वाद चालू आहे, आणि तो नीट झाला नाही तर पैसाही वाया जाईल आणि वर्षंही.

मामा : तक्त्यात चप्पल लिहिलीस, दोरी लिहिलीस, थर्माकोलचे तुकडे एकेक करून लिहिलेस. आणि सगळं तिथेच सोडून आलो आपण. अमावस्येच्या उधाणाला ते परत पाण्यात जाणार. याला काम म्हणायचं?

भाची : उचललं असतं तर आकडा बिघडला असता, मामा. मला त्याच पट्ट्यात परत जायचंय.

मामा : आकड्यात कासव अडकत नाही. दोरीत अडकतं.

भाची : मान्य. पण ती दोरी पुन्हा येऊच नये असं वाटत असेल तर कसली दोरी, कुणाची, किती, हे कुणीतरी लिहून ठेवायला नको? युरोपात काय झालं ते बघ. ईशान्य अटलांटिकच्या किनाऱ्यांवर ओस्पार करारातले देश वर्षातून चार वेळा हेच करतात. तोच किनारा, तोच पट्टा, तोच तक्ता. असल्या नोंदींमधून दिसलं की एकदा वापरून फेकायच्या दहा प्लास्टिक वस्तू आणि मासेमारीचं सामान, एवढं धरलं तरी युरोपातल्या समुद्री कचऱ्याचा ७० टक्के भाग होतो. त्यावर २०१९ मध्ये कायदा झाला. ३ जुलै २०२१ पासून प्लास्टिकचे स्ट्रॉ, ताटल्या, चमचे, कानात घालायच्या कापूसकाड्या विकायला बंदी आली. २०२४ पासून तर बाटलीचं झाकण बाटलीलाच जोडलेलं हवं असा नियम लागू झाला, कारण किनाऱ्यांवर सुटी झाकणं फार सापडत होती. कुणीतरी वाकून ती झाकणं मोजली होती, मामा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राच्या हिशेबाने २०१५-१६ ते २०२०-२१ या काळात तिथल्या किनाऱ्यांवरचा कचरा २९ टक्क्यांनी घटला.

मामा : कायद्याचं मला सांगू नकोस. मार्पोल कराराचं पाचवं परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ ला लागू झालं. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही समुद्रात जहाजावरून प्लास्टिक टाकायला मनाई आहे. जहाजावर गार्बेज रेकॉर्ड बुक असतं. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठल्या अक्षांश-रेखांशावर, कुठल्या प्रकारचा किती घनमीटर कचरा जाळला किंवा बंदरात उतरवला, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची. मी जन्मभर त्यावर सह्या होताना पाहिल्यात. आणि रात्रीच्या पाळीला भरलेली गोणी रेलिंगवरून पाण्यात गेलेलीही पाहिली आहे. बुकात त्या गोणीची ओळ नव्हती. तेव्हा नोंद म्हणजे सत्य असं मला कुणी सांगू नये.

हे सांगताना त्याचा आवाज चढला होता. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याने टाकायचं त्यानेच लिहायचं असेल तर ते बुक काय कामाचं? पण माझ्या मुलीने नेमकी तीच बाजू धरली.

भाची : म्हणूनच टाकणाऱ्याची नोंद पुरत नाही. समुद्राने परत दिलेलं मोजावं लागतं. उत्तर समुद्रात फुलमार नावाचा पक्षी आहे. तो पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारं टिपून खातो, खाणं समुद्रावरच शोधतो. वाहून आलेल्या मेलेल्या फुलमारांची पोटं उघडून आत किती ग्रॅम प्लास्टिक आहे ते हॉलंडमधले संशोधक १९८० च्या दशकापासून तोलतायत. आता उत्तर समुद्राभोवतीचे इतर देशही त्यात आहेत. उद्दिष्ट असं ठरलंय की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक पोटात असलेले पक्षी दहा टक्क्यांच्या वर नसावेत.

मामा : आणि आहेत किती?

भाची : २०१४ ते २०१८ च्या पाहणीत ५१ टक्के.

मामा : म्हणजे इतकी वर्षं तोलताय आणि निम्मे पक्षी अजून प्लास्टिक खातायत.

भाची : खातायत. पण त्याच पोटांमधले कारखान्यांतले प्लास्टिकचे दाणे १९८० च्या दशकाच्या मानाने निम्म्यावर आले. कच्चा माल वाहून नेताना सांडतो हे ध्यानात आलं, त्याची हाताळणी सुधारली. उरलंय ते घरगुती प्लास्टिक. कोणतं कमी झालं आणि कोणतं नाही, हे तोलल्याशिवाय कळलं असतं का? तूच सांग. इंजिनरूममध्ये दर पाळीला तापमान, दाब, तेलाची पातळी लॉगबुकात लिहायचास ना? लिहून इंजिन थंड होत नव्हतं. तरी लिहायचास.

मामा : लिहायचो. पण तापमान चढलेलं दिसलं की त्याच पाळीला झडपेवर हात जायचा. नुसतं लिहून पुढच्या पाळीवाल्याला 'हं, चढलंय' असं सांगून वर चहा प्यायला गेलो असतो तर कॅप्टनने मला पुढच्या बंदरात उतरवलं असतं. तुमचं तसं चाललंय.

मला वाटतं, सगळ्या वादातलं हे सर्वांत नेमकं वाक्य होतं. माझी मुलगी त्यावर थोडी थांबली. तेवढ्यात भावाने त्याचा हुकमाचा पत्ता काढला, बोयान स्लाट. या डच मुलाने २०१३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, 'द ओशन क्लीनअप' ही संस्था काढली. कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांच्या मधे प्रवाहांच्या भोवऱ्यात साठलेला कचऱ्याचा पट्टा साफ करायचा तिने विडा उचलला. भावाला त्या मुलाबद्दल इंजिनिअरला इंजिनिअरबद्दल वाटतो तसा आदर आहे.

मामा : सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी सान फ्रान्सिस्कोहून पहिलं यंत्र समुद्रात नेलं. सहाशे मीटर लांबीची तरंगती नळी, तिच्याखाली तीन मीटरचा पडदा. इंजिन नाही, इंधन नाही. वारा आणि लाटा नळीला कचऱ्यापेक्षा जास्त वेगाने ढकलतील आणि कचरा आपोआप तिच्या कुशीत साठेल असा हिशेब होता. झालं असं की नळीला तो वेग सतत मिळेना. आत आलेला कचरा पुन्हा बाहेर जाऊ लागला. डिसेंबरात टोकाचा अठरा मीटरचा तुकडाच निखळला. जगभरच्या लोकांनी खिल्ली उडवली. त्या पोरांनी यंत्र हवाईला ओढत नेलं, उघडलं, मोडण्याचं कारण शोधलं. पुढच्या वर्षी उलटा विचार केला: यंत्राला वेग देता येत नसेल तर पाण्यात हवाई छत्रीसारखा नांगर सोडून त्याचा वेग कमी करू, मग कचराच मागून येऊन आत शिरेल. जमलं. तरी पुरेसं नाही म्हणून २०२१ पासून दोन जहाजांच्या मधे जाळं बांधून हळूहळू ओढायला लागले. २०२३ चं जाळं सव्वादोन किलोमीटर लांब आहे. सर्व्हिसमध्ये असताना मला कुणी असं उघडपणे चुकू दिलं असतं तर मी पण काहीतरी केलं असतं.

भाची : त्या पोरांच्या चिकाटीबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशेब मांड. त्यांच्याच संस्थेने केलेल्या २०१८ च्या अभ्यासात त्या पट्ट्यात ७९ हजार टन प्लास्टिक असल्याचं निघालं. पट्ट्याचं क्षेत्र सोळा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. आणि २०२४ पर्यंत त्यांनी तिथून काढलं साधारण पाचशे टन. सगळा पट्टा दहा वर्षांत साफ करायला साडेसात अब्ज डॉलर लागतील असं तेच म्हणतात. दुसरीकडे २०१० या एका वर्षात जमिनीवरून समुद्रात गेलेलं प्लास्टिक ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टनांच्या दरम्यान असावं, असा 'सायन्स'मध्ये २०१५ साली छापून आलेला अंदाज आहे. साडेसात अब्ज डॉलरमध्ये किती शहरांची कचरा उचलायची व्यवस्था उभी राहील?

मामा : त्याच अभ्यासातलं पुढचं वाच. वजनाने बघितलं तर त्यात ४६ टक्के मासेमारीची जाळी आहेत. सूक्ष्म तुकडे संख्येने ९४ टक्के, पण वजनाने फक्त आठ. म्हणजे अजून मोठे तुकडे मोठेच आहेत. उन्हाने, लाटांनी ते झिजतील तेव्हा आजच्या एका जाळ्याचे उद्या लाखो कण होतील आणि मग ते जगातल्या कुठल्याच यंत्राला निघणार नाहीत. आज काढले तर निघतात. मुंबईची कचरागाडी कितीही सुधारलीस तरी ते जाळं तिथून हलणार आहे का?

भाची : नाही हलणार. पण तिथे नुसतं प्लास्टिक तरंगत नाही. पावसाळ्यात आपल्या पुळणीवर निळी बटणं येतात, ती पाहिलीस ना?

निळी बटणं म्हणजे पॉर्पिटा. पावसाळी वारे समुद्रावरून जोरात सुटले की ती कोकणाच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. रुपयाएवढी चकती, मधे फिकट पांढरी, कडेने निळ्या रेशमासारखे धागे. जेलीफिशच्या नात्यातला हा जीव पाण्याच्या अगदी पृष्ठभागावर राहतो. स्वतः पोहून कुठे जात नाही, वारा नेईल तिकडे जातो. आम्ही लहानपणी ती काडीने उलटी करून पाहायचो. खालची बाजू अधिकच सुंदर असते.

भाची : २०१९ मध्ये बेन्वा लेकोंत नावाचा फ्रेंच पोहणारा त्या कचऱ्याच्या पट्ट्यातून पोहत गेला, तेव्हा त्याच्या बोटीवरच्या लोकांनी वाटेत जाळं ओढून नमुने घेतले. २०२३ मध्ये तो अभ्यास छापून आला. ही निळी बटणं, त्यांचे भाईबंद वेलेला, त्यांना खाणाऱ्या जांभळ्या गोगलगायी, असे जीव जिथे प्लास्टिक दाट तिथेच दाट सापडले. साहजिक आहे. जो प्रवाह तरंगणारी बाटली तिथे नेतो तोच तरंगणारा जीवही नेतो. मग सव्वादोन किलोमीटरचं जाळं ओढून तू काय काय गोळा करणार?

मामा : जाळ्याला कासवांसाठी सुटायची दारं आहेत. कॅमेरे आहेत.

भाची : कासवासाठी आहेत. निळ्या बटणासाठी दार कसं करणार?

याचं उत्तर भावाजवळ नव्हतं. त्याने अल्डाब्राचा विषय काढला, आणि इथून वादाने जे वळण घेतलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं.

अल्डाब्रा हे सेशेल्समधलं एक प्रवाळ बेट. माणसांची वस्ती नाही म्हटलं तरी चालेल. जमिनीवरची महाकाय कासवं मात्र लाखावर आणि किनाऱ्यावर हिरव्या समुद्री कासवांची घरटी. २०१९ मध्ये सेशेल्स आयलंड्स फाउंडेशन आणि ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजच्या मंडळींनी मिळून तिथे पाच आठवडे सफाई केली. स्वयंसेवक अवघे बारा.

मामा : उन्हात पाठीवरून गोण्या वाहून त्यांनी पंचवीस टन कचरा काढला. तिथल्या पुळणीवर कासवीला अंडी घालायला वर चढायला वाट उरली नव्हती. त्यांनी वाट मोकळी केली. आता सांग, ते पाच आठवडे त्यांनी तक्ते भरत बसायला हवं होतं का?

भाची : त्यांनी तक्तेही भरले, मामा. तेच तर सांगतेय. काढलेला प्रत्येक प्रकार वेगळा तोलला, कुठल्या किनाऱ्यावर किती दाट आहे ते पाहिलं. त्यावरून कळलं की बेटावर अजून सुमारे ५१३ टन पडलंय. वजनाने त्यातलं ८३ टक्के मासेमारीचं. चपलाच तीन लाख साठ हजार. आणि एक टन काढायला खर्च आला ८,९०० डॉलर.

मामा : सहा लाख रुपयांच्या वर. टनाला.

भाची : हो. सगळं काढायचं तर ४६ लाख ८० हजार डॉलर आणि माणसांचे अठरा हजार तास. हा आकडा हातात आला म्हणून सेशेल्ससारख्या छोट्या देशाला जगाला विचारता येतं, की हिंदी महासागरात ट्यूना पकडायला येणाऱ्या बोटी तुमच्या, जाळी तुमची, मग हे बिल आमच्या नावावर का?

मामा : थांब. हा आकडा आला कुठून? ते बारा जण गोण्या घेऊन उतरले म्हणून. लांबून दुर्बिणीतून बघून ५१३ टन कळले असते का? जाळं वाळूत अर्धं गाडलेलं असतं. ओढून बाहेर काढल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही. तुझा आकडा वेचणाऱ्याच्या घामातून आलाय.

भाची : आणि त्यांचा घाम आकड्यामुळे जगाला दिसला. नाहीतर पंचवीस टनांची बातमी होऊन संपली असती.

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. मी म्हटलं, आता मला एक सांगा. पंचवीस टनांसाठी एवढा खर्च आला तो बेट दूर म्हणून. आपल्याकडे, जवळ, कुणी केलंय का असं काही?

माझ्या मुलीने केरळचं उदाहरण दिलं. कोल्लमजवळ नींदकरा आणि शक्तिकुळंगरा ही मासेमारी बंदरं आहेत. तिथे २०१७ मध्ये राज्य सरकारने 'शुचित्व सागरम' सुरू केलं. आधी मच्छीमार जाळ्यात मासळीबरोबर आलेलं प्लास्टिक परत पाण्यात टाकून द्यायचे, कारण बंदरावर आणून करायचं काय? सरकारने प्रत्येक बोटीला पिशवी दिली. बोट लागली की पिशवी उतरवायची. मच्छीमार कुटुंबांतल्या बायका ते प्लास्टिक निवडतात, धुतात, वाळवतात. यंत्रात त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते डांबरात मिसळून रस्त्याला वापरतात. पहिल्या दहा महिन्यांत या बोटींनी किनाऱ्यावर आणलेला कचरा होता सुमारे पंचवीस टन.

अल्डाब्राएवढाच. पण इथे एकही बोट कचऱ्यासाठी म्हणून समुद्रात गेली नव्हती. डिझेल मासळीसाठी जळलं होतं, जाळं मासळीसाठी पडलं होतं. मला हे ऐकल्यापासून हाच विचार सुचतो आहे की समुद्रातला कचरा काढायला सर्वांत मोठा ताफा आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तो रोज पहाटे आपल्याच जेट्टीवरून सुटतो. हॉलंडमध्ये किनाऱ्यावरच्या गावांच्या 'किमो' या संघटनेने २००० साली आणि पुढे २००५ मध्ये स्कॉटलंडमध्ये हेच सुरू केलं. तिथेही बोटीला मोठी पिशवी देतात आणि बंदरात ती फुकट उतरवून घेतात.

भावाला हे पटलं, पण लगेच त्याला पुढची अडचण दिसली.

मामा : जाळ्यात बाटली आली तर ती पिशवीत भरेल तांडेल. पण त्याचं स्वतःचं जाळं खडकात अडकून तुटलं तर? त्याची कबुली कोण देणार? आणि खरं मारतं ते जाळंच. कुणी ओढायला नसलं तरी ते पाण्यात मासे धरत राहतं.

भाची : डहाणूच्या कासव उपचार केंद्रात पावसाळ्यात येणारी कितीतरी कासवं अशाच जाळ्यांनी जखमी झालेली असतात. कुणाचं पुढचं वल्हं कापलं गेलेलं, कुणाच्या मानेत दोरा रुतलेला. याचं उत्तर नॉर्वेने शोधलंय. तिथे जाळं हरवलं तर मच्छीमाराने आधी स्वतः शोधायचं, सापडलं नाही तर जागा कळवायची, हा कायदा आहे. मग तिथलं मत्स्य खातं दरवर्षी बोट पाठवतं आणि कळवलेल्या जागी गळ ओढून जाळी काढतं. १९८० च्या दशकापासून चाललंय.

मामा : म्हणजे नोंद झाली, आणि त्याच नोंदीवर हात चालला.

भाची : तुझ्या झडपेसारखा.

मामा : पण नॉर्वेचा मच्छीमार कळवतो, कारण कळवल्यावर त्याला कुणी दंड करत नाही. आपल्याकडे कागद केला की पोलीस विचारायला येईल अशी धास्ती असते.

भाची : आपल्याकडेही विश्वास बसतो, मामा. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात योजना आहे. जाळ्यात कासव, बहिरी म्हणजे व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी आला आणि त्याला सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर कांदळवन कक्षाकडून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडल्याचे फोटो द्यायचे. आधी लोक म्हणाले होते की कुणी जाळं कापणार नाही. कापतात. फोटोही काढतात.

वर्सोव्याचाही विषय निघाला, निघणारच होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह यांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यासोबत तिथे कचरा वेचायला सुरुवात केली, संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये त्यांचा गौरव केला, मार्च २०१८ मध्ये त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. मुलीचं म्हणणं, दर पावसाळ्यात तिथे नवा कचरा येतोच. भावाचं म्हणणं, येतो, पण हजारो मुंबईकरांनी तो हाताने उचलला आहे आणि ज्याने एकदा वाळूतून चिंधी झालेली पिशवी ओढून काढली तो दुकानात पिशवी मागताना दोनदा विचार करतो. याचा आकडा कुठल्या तक्त्यात येणार? मी इथे भावाच्या बाजूने आहे. शिवाय शाहसुद्धा पुढे किनाऱ्यावर थांबले नाहीत, मिठी नदीकडे वळले. कचरा समुद्रात जातो ती वाट नदीनाल्यांची आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजाराहून थोड्या जास्त नद्यांमधून जातं, आणि त्यांत लहान, शहरी नद्या पुष्कळ आहेत. 'द ओशन क्लीनअप'नेही २०२५ मध्ये ३० शहरांच्या नद्यांचा कार्यक्रम जाहीर केला, त्यात मुंबई आहे.

नदीच्या मुखाशी काय करता येतं त्याचं माझ्या मुलीचं आवडतं उदाहरण अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं. जोन्स फॉल्स नदी जिथे बंदरात येते तिथे २०१४ मध्ये जॉन केलेट यांच्या कल्पनेतून एक पाणचक्की बसवली. प्रवाहाने चक्र फिरतं, प्रवाह मंदावला तर सौर पंप मदतीला येतात, आणि सरकता पट्टा कचरा उचलून डब्यात टाकतो. लोकांनी तिला डोळे लावून नाव दिलं, 'मिस्टर ट्रॅश व्हील'. भरलेल्या प्रत्येक डब्यात बाटल्या किती, सिगारेटची थोटकं किती, फोमचे डबे किती, याची नोंद ठेवतात. फोमच्या डब्यांवर बंदी आणायची चर्चा झाली तेव्हा ते आकडे उपयोगी पडले आणि ऑक्टोबर २०२० पासून मेरीलँड राज्यात ती बंदी लागू झाली. भावाला चक्राचं आकर्षण, मुलीला नोंदीचं. दोघांनी एकाच यंत्राची वाखाणणी केली.

एका ठिकाणी मात्र दोघंही हतबल वाटले. २५ मे २०२५ रोजी 'एमएससी एल्सा ३' हे मालवाहू जहाज कोचीजवळच्या समुद्रात सहाशेहून जास्त कंटेनरांसह बुडालं. काही दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यांवर प्लास्टिकचे पांढरे दाणे येऊन पडू लागले. मसुराएवढा एकेक दाणा, वाळूत मिसळलेला.

मामा : ते चाळणीने चाळत होते. किनारा चाळणीने. मी तो व्हिडिओ पुरा पाहू शकलो नाही. असे कंटेनर आम्ही वर्षानुवर्षं नेले, धोकादायक मालाच्या यादीत ते नसतात. डेकवर रचले काय, खाली रचले काय, कुणी विचारत नाही.

भाची : २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने सूचना काढल्यात, की हे दाणे नीट बंद करा, कंटेनर डेकखाली किंवा सुरक्षित जागी ठेवा. सक्ती नाही. आणि प्लास्टिकचा जागतिक करार डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला झाला नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हालाही नाही.

मामा : मग सक्ती होईपर्यंत चाळत बसायचं?

भाची : चाळायचं. आणि किती किलो निघाले ते लिहून ठेवायचं, म्हणजे भरपाई मागताना 'खूप होते' असं म्हणावं लागणार नाही.

रात्र बरीच झाली होती. मी दोघांना विचारलं, आपल्या गावच्या जेट्टीवर उद्या काही करायचं म्हटलं तर काय कराल? माझं स्वतःचं मत तोवर बनलं होतं: जेट्टीवर एक मोठा पिंजरा, शेजारी मासळीचा असतो तसा वजनकाटा आणि एक वही. बोटीने आणलेली पिशवी काट्यावर ठेवायची, त्यात जाळी किती, बाटल्या किती ते लिहायचं, मग पिंजऱ्यात टाकायची. वजन आणि उचलणं एकाच जागी, एकाच हाताने.

मामा : आणि किलोमागे पैसे द्यायचे. कोरियात सरकार मच्छीमारांनी आणलेल्या कचऱ्याचे पैसे देतंच की कितीतरी वर्षं.

भाची : किलोमागे दिलेस तर बाजारपेठेतला कचरा पोत्यात भरून जेट्टीवर येईल आणि वहीत समुद्राचा म्हणून चढेल. त्यापेक्षा नवं जाळं घेतानाच थोडी अनामत घ्यावी. जुनं, फाटकं जाळं परत आणलं की अनामत परत. कोरियाने सापळ्यांसाठी २०२४ पासून तेच सुरू केलंय.

मामा : अनामत? अगं, जाळ्याला आधीच तो सोसायटीकडून कर्ज काढतो. वरून अनामत कुठून भरेल?

भाची : मग ती जाळी बनवणाऱ्या कंपनीकडून घ्यायची.

मामा : कंपनी ती किमतीत चढवेल. शेवटी तांडेलच देणार. ताई, तुझ्या त्या वहीत आधी हे लिही, की इथल्या एका बोटीला वर्षाला किती जाळं नवं लागतं आणि त्यातलं किती समुद्रात राहतं. ते कळल्याशिवाय अनामत किती ठेवायची ते कुणाला ठरवता येणार नाही.

भाची : मामा, हे मोजायला तू येणार का माझ्याबरोबर?

मामा : येईन. पण या वेळी गोणी रिकामी आणणार नाही.